चार बरोबर वाक्यं: सातवीच्या इंग्रजी वर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. हे प्रकरण सातवीच्या एका वर्गाचं आहे. वर्गात ३७ मुलं होती, सगळ्यांची घरची भाषा मराठी. इंग्रजी पहिलीपासून विषय म्हणून शिकलेली, पण वर्गाबाहेर ती भाषा फारशी कानावर न पडणारी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलांच्या वह्यांतली वाक्यं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण त्या वाक्यांतच आहे.

इंग्रजी कसं शिकवावं याबद्दल माझं एक ठाम मत होतं आणि ते मी कुणीही विचारलं की सांगत असे. मुलाकडे सांगण्यासारखं काही असलं की भाषा त्यामागून येते. चुका होणारच, त्यांना घाबरायचं नाही. यात माझं स्वतःचं असं काही नव्हतं. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ सालीच लिहून ठेवलंय की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे तो त्या घडीला भाषेचे कोणते नियम मनाशी धरून चाललाय याचा पुरावा असतो. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी हा विचार पुढे नेला: शिकणारा घरच्या भाषेतून नव्या भाषेकडे जाताना मध्ये स्वतःची एक भाषा तयार करतो आणि त्या भाषेलाही तिचं व्याकरण असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवताना हे मला फार पटायचं. या वयात मूल शिक्षकांच्या रागापेक्षा शेजारच्या बाकावरच्या हसण्याला जास्त भितं. एकदा हसं झालं की ते महिना महिना तोंड उघडत नाही.

वर्गात बोलताना मी हे मत पाळत होते. वह्या तपासताना मात्र पाळत नव्हते, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

समस्या

सहामाहीनंतर मी ‘घरातली एक व्यक्ती’ असा विषय लिहायला दिला. वह्या आल्या आणि एकामागून एक वाचताना एकच वही पुन्हा पुन्हा वाचतेय असं वाटायला लागलं. माय फादर इज अ गुड मॅन. ही इज काइंड. आय लव्ह हिम. पुढच्या वहीत वडिलांच्या जागी आई, त्यापुढच्या वहीत ताई.

मधल्या रांगेतल्या एका मुलीने आजीबद्दल लिहिलं होतं: ‘माय ग्रँडमदर इज अ गुड वुमन. शी इज काइंड. शी लव्ह्ज मी. आय लव्ह हर.’ चार वाक्यं, एकही चूक नाही. मी दहापैकी आठ गुण दिले आणि पान उलटताना सहज तिची आधीची पानं पाहिली.

वर्षाच्या सुरुवातीला याच मुलीने हरवलेल्या कुत्र्यावर पानभर लिहिलं होतं. वाक्यं मोडकी होती, काळ सगळे एकमेकांत मिसळलेले, पण कुत्रा कुठे सापडला हे कळायला मला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागलं होतं. त्या पानावर माझ्या लाल पेनाच्या २३ खुणा होत्या, मी मोजल्या. त्यानंतरचं लेखन अर्धं पान. मग सात ओळी. मग या चार. मुलीच्या चुका कमी झाल्या म्हणून मी मनातल्या मनात तिचं कौतुक करत होते. कमी झालं होतं ते तिचं लिहिणं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “आधी पान भरून लिहायचीस, आता का नाही?” ती जरा घुटमळली आणि म्हणाली, “चार वाक्यं बरोबर येतात, मॅडम. पाचवं लिहिलं की चुकतं.”

मग मी बाकीच्या वह्याही मागे मागे जाऊन पाहिल्या. सगळ्यांचं असं नव्हतं. पण निम्म्याहून जास्त वह्यांत लेखन आखडत गेलेलं स्पष्ट दिसत होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता तेच पुढे चालू ठेवण्याचा. प्रत्येक चूक दाखवायची आणि मूल हळूहळू सुधारेल असा भरवसा ठेवायचा. पालकांना तेच हवं असतं आणि शाळेतल्या तपासणीतही तेच पाहिलं जातं. पण एका वहीला सात मिनिटं धरली तरी ३७ वह्यांना सव्वाचार तासांच्या वर जातात. एवढे तास घालून मी मुलांना कमी लिहायला शिकवत होते.

दुसरा पर्याय दुरुस्ती पूर्ण थांबवण्याचा. याची बाजू घेणारे अभ्यासकही आहेत. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडलं की लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्याने फायदा होत नाही, उलट नुकसान होतं, म्हणून ती पद्धत सोडून द्यावी. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं: दुरुस्ती निवडक, नेमकी आणि मुलाला कळेल अशी असेल तर ती उपयोगी पडते, सरसकट निकाल देऊ नये. दोघांचं वाचून झालं तेव्हा माझं मन ट्रस्कॉट यांच्याकडे झुकलं होतं. ती २३ खुणांची वही डोळ्यांसमोर असताना दुसरीकडे झुकणं अवघडच होतं.

तिसरा पर्याय आमच्या विषयाच्या बैठकीत एका अनुभवी सहकाऱ्यांनी सुचवला. लेखन दोन महिने बाजूला ठेवायचं, व्याकरणाचे सराव पक्के करून घ्यायचे, मग लेखनाकडे वळायचं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, सराव केलेलं रूप हाताशी लवकर येतं. पण आमच्या मुलीने ‘शी लव्ह्ज मी’ बरोबरच लिहिलं होतं. तिच्याकडे सरावाची उणीव नव्हती. सरावाच्या बाहेर पाऊल टाकायची भीती होती, आणि ती आणखी सरावाने गेली नसती.

गुणांचाही प्रश्न होता. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. ज्यांना शेरा आणि गुण दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. माझी मुलंही असंच करत होती. वही हातात पडली की डोळे आधी वर्तुळातल्या आकड्यावर, मग शेजाऱ्याच्या आकड्यावर, आणि वही बंद. मी तळाशी लिहिलेल्या दोन ओळी वाचल्याच जात नव्हत्या.

काय केलं

मुख्याध्यापिकांशी बोलून मी एका सत्रापुरती मोकळीक मागितली. पहिल्या मसुद्याला गुण नाहीत आणि दुरुस्तीही नाही. समासात मी फक्त एक प्रश्न लिहिणार, तोही मजकुराबद्दल. त्याचं उत्तर मुलाने लिहून पाठवायचं.

त्याच विषयावर पुन्हा लिहायचं ठरलं. लिहिण्याआधी दहा मिनिटं जोडीने मराठीत बोलायला दिलं. वर्गात फिरताना त्या मुलीचं बोलणं कानावर पडलं. ती शेजारणीला सांगत होती, “आजीला आता दिसत नाही. पण जिन्यात पाय वाजला ना, की कोण आलं ते ओळखते.”

मी थांबले. “हे का नाही लिहिलंस?”

“इंग्रजीत येत नाही ना मॅडम हे.”

“जेवढं येतंय तेवढं लिही.”

संध्याकाळी वही उघडली. ‘माय ग्रँडमदर नो सी. बट शी नो मी बाय माय फूट.’

या सगळ्या प्रकरणात निर्णयाचा क्षण कोणता असं विचारलं तर मी हा सांगेन. पेन हातात होतं, ‘नो सी’ वर टेकलंही होतं. दोन्ही ‘नो’ वेगळे, पहिला नकाराचा, दुसरा जाणण्याचा, पुढे ‘एस’ नाही, ‘फूट’ शब्द चुकीचा. चार वाक्यं बरोबर लिहिणाऱ्या मुलीने दोन वाक्यांत चार चुका केल्या होत्या. आणि त्या दोन वाक्यांत पहिल्यांदाच तिची आजी होती.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली, ती आधी कधी दिसली नव्हती. ‘शी लव्ह्ज मी’ मध्ये जो ‘एस’ अचूक होता, तो ‘शी नो मी’ मध्ये गळला होता. म्हणजे पहिल्या वाक्यातला ‘एस’ तिला येत नव्हताच, ते अख्खं वाक्य पाठ होतं. स्वतःचं काही सांगायला गेली तेव्हा तिला खरोखर काय येतं ते दिसलं. हीडी डुले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास केला. घरची भाषा वेगळी असूनही काही रूपं साधारण एकाच क्रमाने येतात असं त्यांना आढळलं. क्रियापदाला लागणारं ‘इंग’ लवकर येतं, आणि ‘शी’, ‘ही’ नंतरचा हा ‘एस’ उशिरा येणाऱ्यांतला. नियम सांगायला एक मिनिट लागतं, पण तो मुलाच्या लेखणीत उतरायला वर्षं जातात. सातवीच्या वहीत त्याला दरवेळी लाल गोल करून मी काय मिळवत होते?

मी पेन उचललं आणि समासात इंग्रजीत लिहिलं: तुझ्या पायाचा आवाज कसा आहे? घरातल्या इतरांचा कसा आहे?

उत्तर आलं: ‘माय फूट फास्ट. माय ब्रदर फूट इज लेझी. माय फादर फूट इज टायर्ड.’

मी ते तिच्या परवानगीने वर्गात वाचून दाखवलं. ‘लेझी’ ला मुलं हसली, पण ते हसणं वेगळं होतं. एकाने लगेच विचारलं, मग आजीचा पाय कसा? मुलीने हात वर केला आणि मला विचारलं, “मॅडम, पावलांच्या आवाजाला इंग्रजीत काय म्हणतात?” मी फळ्यावर ‘फूटस्टेप्स’ लिहिलं. हा शब्द त्याच वर्षी एका धड्याच्या शब्दार्थांत येऊन गेला होता, मुलांनी तो पाठही केला होता आणि विसरूनही गेली होती. त्या दिवसानंतर वर्गात तो कुणी विसरलं नाही.

इथवर सगळं मनासारखं चाललं होतं. तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

एका मुलाचे वडील वही घेऊन भेटायला आले. त्यांनी शांतपणे विचारलं, “मॅडम, तीन आठवडे झाले, वहीत एक लाल खूण नाही. तुम्ही तपासता का?” मी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला इंग्रजी येत नाही. पोराचं चुकतंय की नाही हे मला तुमच्या खुणांवरूनच कळतं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जी खूण मला मुलाच्या वाटेतला अडथळा वाटत होती, तीच त्यांच्यासाठी मुलाच्या अभ्यासात डोकावायची एकुलती एक खिडकी होती.

दुसरी गोष्ट त्याच मुलाची. तो पुढच्या बाकावर बसणारा, भरपूर लिहिणारा, चुकांना न भिणारा. मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, “मॅडम, माझ्या चुका दाखवा ना. मला माहीत नाहीत त्या.” मी त्याच्या तिन्ही आठवड्यांच्या वह्या काढल्या. ‘आय डिड नॉट वेंट’ हे एकच रूप त्याने अकरा वेळा लिहिलं होतं, दरवेळी ठाम हाताने. लाल खुणांनी त्या मुलीचं लिहिणं थांबत होतं. याचं शिकणं माझ्या गप्प राहण्याने थांबत होतं.

मग मी फेरिस यांच्या बाजूला आले. पहिला मसुदा तसाच राहिला, मजकुराच्या प्रश्नासह, बिनगुणांचा. दुसऱ्या मसुद्यात आठवड्याची एकच गोष्ट तपासायची. ती गोष्ट सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली जाई, मुलं आधी स्वतः शोधून पेन्सिलीने अधोरेखित करत, मग मी हिरव्या पेनाने पाहत असे. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्यांना हात लावायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर पालकांसाठी मराठीत तीन ओळी चिकटवल्या: या आठवड्यात आपण काय पाहतोय, मूल कुठे होतं, आता कुठे आहे. ज्याला जास्त दुरुस्ती हवी त्याने पानाच्या वरच्या कोपऱ्यात चांदणी काढायची. तो मुलगा दर आठवड्याला चांदणी काढायचा. त्या मुलीने पहिली चांदणी काढली ती दोन महिन्यांनी.

पहिली ‘एकच गोष्ट’ निवडताना मी घोळ घातला. मी ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ निवडले, कारण सगळ्यांच्या वह्यांत त्याच चुका सर्वांत जास्त होत्या. पण मराठीत उपपदंच नाहीत. मुलांच्या मनात ज्या गोष्टीची जागाच नाही ती एका आठवड्यात कशी रुजणार? वर नियम निसरडे. एका मुलाने विचारलं, ‘द सन’ म्हणायचं तर ‘द मंडे’ का नाही, आणि माझं उत्तर मलाच पोकळ वाटलं. यात तीन आठवडे गेले. मग मी भूतकाळ घेतला आणि चक्र फिरलं, कारण गोष्ट सांगायची तर भूतकाळ लागतोच. मुलांना त्याची गरज होती. ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टेड’ यांत शेवटची अक्षरं तीच असून उच्चार तीन होतात, हे मुलांनी घशाला बोटं लावून स्वतः शोधलं. ‘वॉक’ च्या शेवटी घसा थरथरत नाही म्हणून ‘ट’, ‘प्ले’ च्या शेवटी थरथरतो म्हणून ‘ड’, आणि शेवटी आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर मध्ये एक स्वर. ‘वॉकेड’ म्हणणारा अर्धा वर्ग दोन तासांत ‘वॉक्ट’ म्हणू लागला.

मराठीत बोलण्याची ती दहा मिनिटंही बदलावी लागली. काही मुलं मराठीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवत होती. ‘मला आजीची आठवण येते’ याचं एकीने ‘टू मी ग्रँडमदर मेमरी कम्स’ केलं होतं. मराठी बंद करा, असा सल्ला मिळाला. मी मराठी ठेवली आणि मधला टप्पा बदलला: बोलून झालं की मराठी वाक्य लिहायचं नाही, पाच इंग्रजी शब्द लिहायचे आणि त्या शब्दांवरून थेट इंग्रजीत लिहायचं. विचार मराठीत झाला तर बिघडत नाही, वाक्याचा सांगाडा मात्र इंग्रजीच्या शब्दांवर उभा राहायला हवा.

काय झालं

वर्षाअखेरीस वर्गातलं लेखन लांबलं. त्या मुलीने आजीवरचा शेवटचा मसुदा सव्वा पानाचा केला. त्यात ‘शी नोज मी बाय माय फूटस्टेप्स’ हे वाक्य अचूक होतं, आणि त्याच्या दोन ओळी खाली ‘शी नो’ परत आलं होतं. मी त्याला हात लावला नाही. भूतकाळ मात्र जवळजवळ सगळीकडे बरोबर होता.

तो लेख तिने घरी आजीला वाचून दाखवला. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून एकेक वाक्य वाचून तिने ते मराठीत सांगितलं. ते ऐकून आजी म्हणाली, तुझ्या बापाची पावलं आता त्याच्या बापासारखी वाजायला लागलीत. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आत ती माझ्या टेबलापाशी उभी होती, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते विचारायला. आम्ही दोघींनी मिळून तीन वाक्यं करून पाहिली. तिला एकही पुरेसं वाटलं नाही.

‘डिड नॉट वेंट’ वाला मुलगा भूतकाळाच्या आठवड्यानंतर त्यातून बाहेर आला. त्याच्या वडिलांनी पहिल्या पानावरच्या मराठी ओळींखाली सही करायला सुरुवात केली. मी सही मागितली नव्हती.

वार्षिक परीक्षेत वर्गाची सरासरी फारशी हलली नाही. तिथे रिकाम्या जागा आणि शब्दार्थ यांना बरेच गुण होते, आणि आम्ही त्यावर कमी वेळ दिला होता. पाच-सहा मुलांवर या सगळ्याचा काहीच परिणाम दिसला नाही. ती आधीही चार वाक्यं लिहीत होती, शेवटीही चारच लिहीत होती. त्यांतल्या दोघांना मुळात इंग्रजी अक्षरं सलग वाचताना अडचण होती. ही गोष्ट मला लेखनातून कळायला नको होती, वर्षाच्या सुरुवातीला वाचून घेताना कळायला हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

दुरुस्ती एकदम थांबवणं ही चूक होती. ती मी एका मुलीची वही पाहून केली आणि ३७ मुलांना लावली. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या दोन वह्या शेजारी ठेवून पाहिलं असतं, कोणाचं लेखन आखडतंय आणि कोणाची चूक घट्ट होतेय, तर चांदणीची सोय तीन आठवडे आधी झाली असती आणि त्या मुलाची तीन आठवड्यांची चूक वाचली असती.

पालकांशी आधी बोलायला हवं होतं. मी मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली आणि तेवढ्याने भागलं असं धरून चालले. मराठीतल्या त्या तीन ओळी पहिल्या दिवशी वहीत असत्या तर ते गृहस्थ इतक्या अस्वस्थपणे आले नसते.

‘एकच गोष्ट’ निवडताना सर्वांत जास्त होणारी चूक पाहू नये. मुलांना जे सांगायचंय त्यासाठी आत्ता कोणतं रूप लागतंय ते पाहावं. उपपदांचे ते तीन आठवडे मला आजही बोचतात.

एका गोष्टीचा निर्णय अजून झालेला नाही. पहिल्या मसुद्याला गुण नसतात हे मुलांनी स्वीकारलंय, पण अंतिम मसुद्याला गुण द्यावेच लागतात, आणि ते दिले की डोळे पुन्हा आकड्याकडे जातात. यंदा अंतिम मसुदा परत देताना आधी फक्त शेरा आणि त्यावर मुलाचं एका वाक्याचं उत्तर, आणि गुण दोन दिवसांनी वेगळ्या चिठ्ठीवर, असं करून पाहतेय. पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या परवा वाटायच्या आहेत.